दुधाचं बिल, शेळीचा सौदा आणि बाईचं नाव – गटातल्या जणींसाठी नेमकं काय करता येईल?

गट_समन्वयक (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या बचत गटांसाठी विचारते आहे. बहुतेक घरी एक-दोन संकरित गाई किंवा एखादी म्हैस, जोडीला चार-सहा उस्मानाबादी शेळ्या. शेण, वैरण, धारा, करडांना पाजणं, व्यायच्या वेळी रात्रभर जागणं हे सगळं बायकांकडे. पण दूध संस्थेचा कोड (ज्या क्रमांकावर घरचं दूध नोंदलं जातं तो) नवऱ्याच्या नावाचा, बिल त्याच्या खात्यात, डॉक्टरचा नंबर त्याच्या फोनमध्ये. शेळी कधी आणि कितीला गेली हे काही जणींना दावं रिकामं दिसल्यावरच कळतं.

चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. दूध संस्थेत बाईला सभासद करून घ्यायला सांगितलं की सचिव म्हणतात, "एका घरात एकच कोड." हे खरं आहे का?
२. रेतन (गाय-म्हैस कृत्रिमरीत्या भरवणं), औषधपाणी, खुराक यांत बाईचा शब्द चालावा म्हणून तिला काय माहीत असायला हवं?
३. शेळी विकताना व्यापाऱ्यापुढे ती स्वतः उभी राहू शकेल यासाठी काय शिकवायचं?
४. बदल झाला की नाही हे मोजायचं कसं? "निर्णय कोण घेतं" विचारलं की सगळ्याच जणी "दोघं मिळून" म्हणतात.

हक्कांवरची भाषणं भरपूर झाली आहेत. घरात वाद न पेटवता सोमवारपासून करता येईल असं सांगा.

---

सहकार_फाईल

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो, कारण कागदाची बाजू कच्ची राहिली की पुढचं सगळं तोंडी राहतं.

"एका घरात एकच कोड" हे लेखी मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६ मध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांची अट आहे, पण ती संस्था नोंदवतानाची. तीच अट पुढे सभासद घेतानाही आहे असं गावोगाव समजलं जातं. तुमच्या संस्थेच्या पोटनियमात वेगळं काही असेल तर सचिव तो नियम दाखवतील. तसं काही नसेल तर अर्ज नाकारायला हे कारण पुरत नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. सगळा भार या पोचेवर आहे. कलम २२ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाली असं मानलं जातं. नकार द्यायचा तर कारणासह कळवावा लागतो, आणि त्यावर कलम २३ खाली निबंधकांकडे अपील आहे. दूध संस्थांसाठी ते काम सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्या कार्यालयातून चालतं. पोच नसली की तीन महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे तेच ठरत नाही, आणि प्रकरण तिथेच बारगळतं.

यापुढची मेख शेअर दाखल्यात असते. "दोघांचं नाव घालू, म्हणजे प्रश्नच मिटला" असं म्हणून संयुक्त शेअर देतात. संयुक्त शेअरवर ज्याचं नाव पहिलं तो सभासद. दुसरं नाव ज्याचं, ती व्यक्ती कायद्याने फक्त सहयोगी सभासद. म्हणजे बाईचं नाव दुसरं असेल तर मताच्या आणि उमेदवारीच्या वेळी ती मागेच राहते. आणखी एक पळवाट म्हणजे तिला नाममात्र सभासद करून घेणं. नाममात्र सभासदाला मत नाही आणि नफ्यात वाटाही नाही. म्हणून दाखला हातात आला की दोनच गोष्टी बघा : पहिलं नाव कोणाचं, आणि सभासदाचा प्रकार काय लिहिला आहे.

कोड बदलायची वेळही नीट निवडा. फरक बिल (दरातल्या फरकाचे मागाहून मिळणारे पैसे), रिबेट, दिवाळीचा बोनस हे त्या त्या कोडवर वर्षभर गेलेल्या दुधावर निघतं. मधेच कोड बदलला तर हिशोब दोन ठिकाणी तुटतो, आणि "बायकोच्या नावावर केलं आणि बोनस बुडाला" असं घरात ऐकवलं जातं. १ एप्रिलपासून बदला. त्याआधी जुन्या कोडवरची उचल, पशुखाद्याची बाकी आणि ठेव किती आहे याचा उतारा काढून घ्या. बाकी असताना नवा कोड मागितला तर संस्था अडवते, आणि तिथे संस्थेचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

नवऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून टाका, लपवू नका. सगळं दूध बायकोच्या कोडवर गेलं की त्याच्या कोडवर दूध शून्य होतं, आणि क्रियाशील सभासद राहायला किती दिवस, किती लिटर घालावं लागतं हे पोटनियमात ठरलेलं असतं. म्हणजे त्याच्या मतावर परिणाम होऊ शकतो. हे नंतर कळलं तर घरात फसवणूक झाल्यासारखं वाटतं. दोन जनावरं असतील तर एकेका कोडवर एकेकीचं दूध घालणं हा बऱ्याच घरी चालणारा मार्ग आहे.

बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं. संयुक्त खातं, कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि एसएमएस त्याच्या फोनवर, असं असेल तर कोड तिचा होऊनही हातात काही येत नाही. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, संस्थेच्या वहीत तिसरंच, हे फार आढळतं आणि पैसे परत जातात. सगळ्यात आधी आधार दुरुस्त करा, मग खातं, मग संस्थेचा अर्ज. हा क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं.

संचालक मंडळावर कलम ७३-क प्रमाणे दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर कोणाच्या तरी घरच्या बाईचं नुसतं नाव असतं, कारण दूध घालणाऱ्या बायका सभासदच नसतात. सभासद झालेल्या प्रत्येकीने वार्षिक सभेला स्वतः जाऊन हजेरीवहीत सही करावी.

---

गोठा_दवाखाना

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. माज (जनावर भरवण्याजोगं असण्याची वेळ) ओळखण्यापासून सुरुवात करा, कारण हे ज्ञान आधीच बायकांकडे आहे, फक्त त्याचा शब्द बनत नाही.

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. हंबरणं, दूध कमी देणं, दुसऱ्या जनावरावर चढणं ही लक्षणं सगळ्यांना दिसतात. पण खात्रीची खूण म्हणजे बळस : काचेसारखा स्वच्छ, न तुटता लोंबणारा चिकट धागा. तो दिसतो पहाटे शेण काढताना, बसलेल्या गाईच्या मागे, आणि शेण बाई काढते. म्हशीचा माज तर मुकाच असतो, बहुतेक रात्री किंवा पहाटे, हंबरडा फोडेलच असं नाही. म्हणजे माज पाहणारी ती, पण डॉक्टरला फोन करणारा शेतावरून किंवा कामावरून आल्यावर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम मग पाळलाच जात नाही. उशिरा भरवलेली गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि २१ दिवसांचा खुराक फुकट जातो. बळस ढगाळ किंवा पिवळट असेल तर भरवायचंच नाही, गर्भाशयाचा दाह असतो, आधी उपचार. हेही तीच सांगू शकते, तिने आवर्जून सांगायला हवं.

म्हणून रेतन करणाऱ्याचा नंबर तिच्या फोनमध्ये, आणि गोठ्याच्या भिंतीवर एक वही टांगलेली. त्यात तारीख, माजाची वेळ, भरवल्याची वेळ, कांडीवरचा (वळूचं गोठवलेलं वीर्य असलेल्या नळीवरचा) वळूचा क्रमांक. कांडी द्रवरूप नत्रातून काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. ती खिशात किंवा तळहातात चोळून गरम करताना दिसली तर तिथल्या तिथे बोलायचं. वळूचा क्रमांक विचारणाऱ्या गोठ्यात घाईचं काम होत नाही, एवढा फरक पडतोच. ६० ते ९० दिवसांनी गाभण तपासणी करून घ्यायची तारीखही त्याच वहीत आधीच लिहून ठेवा.

कानातला १२ आकडी बिल्ला पाहा. त्याच्या नोंदीत मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर असतो, आणि बिल्ला मारायला माणूस आला तेव्हा जो पुरुष उभा होता त्याचं नाव पडलेलं असतं. पुढे विमा, विक्री, नुकसानभरपाई सगळं याच नोंदीला जोडलं जातं. दवाखान्यात जाऊन निदान तिच्या वाट्याच्या जनावरांपुरतं नाव आणि नंबर दुरुस्त करून घ्या. वासरांना बिल्ला मारताना पहिल्यापासूनच तिचं नाव सांगणं सगळ्यात सोपं.

आजारपणाचं एक आधी ठरवून ठेवा. व्यायल्यापासून तीन दिवसांच्या आत गाय थरथरत बसली, मान बरगडीकडे वळवून पडली, कान थंड लागले, तर तो दुग्धज्वर. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम लागतं, आणि ते डॉक्टरनेच हळूहळू द्यायचं. वाट पाहण्यात गाय जाते. जोराची पोटफुगी, अडलेलं वेत यांतही तेच. इथे "हे आल्यावर बोलवू" असं होता कामा नये. घरात बसून आकडा ठरवा : अमुक रुपयांपर्यंत ती कोणाला न विचारता डॉक्टर बोलावेल. तेवढी रक्कम डब्यात वेगळी. हा करार शांतपणे, जनावर ठणठणीत असताना करायचा. आणि पडलेल्या जनावराच्या तोंडात तेल, गूळपाणी काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

खुराकाचं गणित तर बिलावरूनच शिकवता येतं. शरीर पोसायला दीड किलो, अधिक गाईला दर अडीच लिटर दुधाला एक किलो, म्हशीला दर दोन लिटरला एक किलो. म्हणजे दहा लिटरच्या गाईला रोज साडेपाच किलो. दहा दिवसांच्या बिलात ५५ किलो, म्हणजे ५० किलोचं जेमतेम एक पोतं आणि वर थोडं. बिलात दोन पोत्यांची कपात दिसली तर एक पोतं कुठे गेलं हे विचारायला तिला आता कारण आहे. शिवाय क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम, ते बिलात दिसत नसेल तर गाईच्या पोटातही जात नाही.

फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांची) चिठ्ठीही तिने वाचावी. गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. फॅट सलग तीन-चार दिवस खाली आलं तर कोरडी वैरण कमी पडली का, आणि शेवटच्या धारा वासराला सोडल्या जातात का, हे पाहा. शेवटच्या धारांतच फॅट सगळ्यात जास्त असतं. वासराला पहिल्या धारा पाजा.

---

करडू_बोकड

शेळीचा सौदा बाईच्या हातून का निसटतो? व्यापारी वजनाचा भाव करत नाही. कमरेवर चिमट घेतो आणि उक्ता आकडा सांगतो. त्याच्या हाताला वजन कळतं, समोरच्याला कळत नाही. मोठ्या बाजारात तर अजूनही रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात, तिथे बाईला जागाच नाही. म्हणून सौदा दारात आणि काट्यावर आणायचा.

गटाने ५० किलोचा लटकवायचा डिजिटल काटा घ्यावा. खताच्या पोत्याला चार पायांसाठी भोकं पाडून झोळी करायची, काटा कडुनिंबाच्या फांदीला. वजन सकाळी, चरायला सोडण्याआधी, उपाशीपोटी. पोट भरलेल्या शेळीचं वजन जास्त दिसतं आणि पुढच्या वेळी व्यापारी त्याच काट्यावर अविश्वास दाखवतो. काटा नसेल तर टेप : पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २६, लांबी २५ असेल तर साधारण साडेपंचवीस किलो. हा अंदाज आहे, गाभण शेळीला लावू नका.

दर महिन्याला एक ठरलेला दिवस धरून सगळ्यांची करडं तोला आणि वहीत लिहा. त्या वहीतून दोन गोष्टी निघतात : कुठलं करडू वाढत नाही, आणि कुठला बोकड राखण्यासारखा आहे. बकरी ईदेला एक वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती (पुढचे दोन कायमचे दात आलेला), अंगाने निर्दोष बोकड लागतो. कान फाटलेला, शिंग मोडलेला, लंगडा घेत नाहीत. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे बोकड किती महिन्यांचा होईल हे उलटं मोजून शेळी कधी भरवायची ते ठरवता येतं. हे नियोजन ज्या घरात वही आहे तिथेच जमतं. जूनमध्ये शाळा आणि बी-बियाणं एकदम येतं, सगळं गाव एकाच आठवड्यात करडं काढतं आणि भाव पडतो. गटाच्या बचतीतून त्या महिन्यापुरतं अंतर्गत कर्ज ठेवलं तर करडू आणखी दोन महिने दावणीला राहतं. शेळीपालनात गटाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

रोगराईचंही तिच्याच हातात ठेवा. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांवरच्या करडांना कातडीखाली १ मिली, संरक्षण सुमारे तीन वर्षं. आंत्रविषाराची (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आतड्याच्या रोगाची) पावसाच्या आधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा डोस. जंताचं औषध सगळ्यांना एकसारखं पाजू नका. खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहा. लालसर-गुलाबी असेल तर थांबा, फिकी किंवा पांढुरकी असेल तर लगेच वजनाप्रमाणे औषध. शेळीला मेंढीच्या मात्रेने दिलं तर कमी पडतं, म्हणून मात्रा डॉक्टरकडूनच घ्या.

योजनांबद्दल. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे खरं, पण सगळ्यात लहान प्रकल्पच १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा. जमीन आणि स्वतःचं भांडवल नसलेल्या बाईसाठी तो नाही. अर्ज भरायला लावून तिचे हेलपाटे वाढवू नका. १० शेळ्या आणि १ बोकड अशा गटवाटपाच्या योजना तिच्या मापाच्या.

---

वैरणकाडी

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक धोका दिसतो. कागद, वही, काटा, फोन, हे सगळं तिच्या आधीच्या कामावर वर चढलं तर सहा महिन्यांत ती स्वतःच म्हणेल, "तुम्हीच बघा." निर्णय हवा असेल तर हातातलं काही कमी व्हायला हवं.

सगळ्यात आधी कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र. घ्यायची तर सिंगल फेजवर चालणारी २ एचपीची. थ्री फेज मोटर घेतली तर ती शेतीच्या लाईनवर, ती वीज कधी रात्री कधी दिवसा, मग कुट्टी करणारा माणूस वेगळा आणि तिचं वेळापत्रक पुन्हा त्याच्यावर अवलंबून. पट्ट्यावर जाळीचं कव्हर असल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पदर, ओढणी, बांगडी ओढली जाते ती याच जागी. वैरण घालायचं तोंड तिच्या कंबरेच्या उंचीला येईल असा ओटा करा, विकत आल्या तशी ठेवली तर ती कंबर मोडते.

प्रशिक्षण तालुक्याला नको, गावात ठेवा, आणि वेळ सकाळी ११ ते दुपारी २. पहाटे आणि संध्याकाळी धारा असतात. सकाळी १० ला तालुक्याच्या गावी हजर राहा म्हटलं की पुरुषच येतात, आणि मग मिल्किंग मशिनचं सडांचे कप लावणं, पोकळीचा दाब पाहणं हे शिकतात ते पुरुष, दूध काढते ती.

आता मोजण्याबद्दल. "कोण ठरवतं" हा प्रश्नच सोडून द्या. शेवटची घडलेली एक गोष्ट धरा. मागच्या वेळी विकलेली शेळी : विकायचं पहिल्यांदा कोण म्हणालं? व्यापाऱ्याशी आकडा कोण बोललं? पैसे कोणाच्या हातात मोजले? त्यातून काय आणलं? आणि शेवटचा प्रश्न, "नको विकायला" असं ती म्हणाली असती तर शेळी राहिली असती का? हेच पाच प्रश्न शेवटच्या रेतनाला, शेवटच्या दूध बिलाला, शेवटच्या डॉक्टरला लावा. नवऱ्याला वेगळं विचारा. दोघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत ती जागा लिहून ठेवा, काम तिथेच आहे. शक्य असेल तर घरी न विचारता दूध संकलनाच्या रांगेत किंवा पाणवठ्यावर विचारा, सासू ऐकत असताना सगळंच "मिळून" असतं. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

---

गट_समन्वयक

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. काही घरी सभासद सासूबाई आहेत, कागदावर महिला सभासद दिसते, पण काम आणि अडचण सुनेची. आणि गाय घ्यायला कर्ज मागितलं की बँक सातबारा मागते, तो कोणाही बाईच्या नावावर नाही.

---

सहकार_फाईल

सासूबाईंचं नाव काढायचा विषय काढूच नका. त्यांच्या नावावरचा शेअर म्हातारपणीचा आधार असतो आणि तो तसाच राहायला हवा. सुनेसाठी वेगळा अर्ज करा, आणि एखादी कालवड किंवा शेळी तिच्या नावावर ठेवा, बिल्ल्यासकट. माहेरून आलेली शेळी असेल तर तिथून सुरुवात सगळ्यात सोपी, त्या शेळीवर घरातही कोणी हक्क सांगत नाही. तिची करडं, त्यांची विक्री, सगळं गटाच्या वहीत तिच्या पानावर लिहायचं.

कर्जाचं : पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दुग्धव्यवसायासाठी स्वतःचा, भाड्याचा किंवा कराराने घेतलेला गोठा असलेली व्यक्ती आणि बचत गटही बसतात. मालकीची जमीन ही अट नाही. मात्र हे कर्ज खेळत्या भांडवलाचं, म्हणजे खुराक, औषधं, मजुरी यासाठी. गाय विकत घ्यायला मुदत कर्ज वेगळं मागावं लागतं, आणि एकाच अर्जात दोन्ही मिसळले की शाखेत फाईल अडकते. २ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ३ टक्के सवलत. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीविषयक कर्जाला तारणाची गरज नाही. सातबाऱ्याऐवजी गोठ्याचा ग्रामपंचायत नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा जोडा. त्यावर नवऱ्याचं एकट्याचं नाव असेल तर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदीचा अर्ज द्या, नाहीतर नवऱ्याकडून गोठा वापरायला दिल्याचं साधं संमतीपत्र. सोबत दूध संस्थेचा सहा महिन्यांचा बिल उतारा, तिच्या कोडचा. म्हणूनच १ एप्रिलचा कोड आधी आणि बँक ऑक्टोबरमध्ये.